हवेनं रंगवलेली शिल्पं

मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला गंजाबद्दल कुणी काही शिकवावं लागत नाही. खिडकीचे गज, पडवीचे पत्रे, पंपाचे नटबोल्ट, होडीच्या इंजिनाची झाकणं, सगळं एक-दोन पावसाळ्यांत तांबूस होतं. ग्रिल खरवडून नवा रंग मारणं हे घरखर्चातलं कायमचं कलम असतं. दिवसा समुद्राकडून येणारा खारा वारा फुटणाऱ्या लाटांमधले मिठाचे सूक्ष्म कण उचलून आणतो. लोखंडावर बसलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्या ओलीत क्लोराइड विरघळतं, आणि वर जमणारा गंजाचा थर इतका भुसभुशीत असतो की खालच्या धातूपर्यंत पाणी आणि हवा पोचतच राहतात.

त्यामुळे 26 ऑगस्ट 2024 रोजी मालवणातल्याच राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा 35 फुटी पुतळा कोसळला, तेव्हा वाऱ्याचं आणि खाऱ्या हवेचं कारण पुढं येणं साहजिक होतं. 4 डिसेंबर 2023 रोजी, नौदल दिनी, त्याचं अनावरण झालं होतं. म्हणजे पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. आता खाऱ्या हवेवर किती दोष टाकता येतो, याचा हिशेब मांडता येतो. हवा धातूला किती खाते यानुसार जगातल्या ठिकाणांची वर्गवारी करणारं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात 'सी-5' या अतिशय जाचक हवेत उघडं साधं पोलाद वर्षाला 80 ते 200 मायक्रॉन झिजतं. त्याच्याही वरच्या, टोकाच्या वर्गात 200 ते 700 मायक्रॉन. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. अगदी वाईटात वाईट धरलं तरी नऊ महिन्यांत सरसकट झीज होते ती साधारण अर्धा मिलिमीटर. तेवढ्यानं धड बांधलेलं काही पडत नाही. गंज जिथं फटीत, सांध्यात, कच्च्या वेल्डिंगमध्ये शिरतो तिथं मात्र तो अशा सरासरीला जुमानत नाही. चौकशी समितीनंही गंजाबरोबर कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंगकडेच बोट दाखवलं. खाऱ्या वाऱ्यानं पुतळा पाडला असं म्हणण्यापेक्षा खाऱ्या वाऱ्यानं कामाची परीक्षा घेतली, हे जास्त खरं.

यात आणखी एक बारकावा आहे. कांस्य आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असतील आणि मध्ये खारट ओल असेल, तर तिथं विजेचा छोटा घट तयार होतो आणि त्यात लोखंडाचा बळी जातो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीचं असंच झालं होतं. तांब्याची कातडी आणि आत लोखंडी पट्ट्या. मधलं विद्युतरोधक अस्तर काळाच्या ओघात कुजलं आणि पट्ट्या फुगून फुटू लागल्या. 1980 च्या दशकात त्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. राजकोटावर मे 2025 मध्ये उभा राहिलेला 60 फुटी नवा कांस्य पुतळा शिल्पकार राम सुतार यांच्या कार्यशाळेतला आहे, आणि त्याच्याही आतला आधार स्टेनलेस स्टीलचा आहे.

उघड्यावर ठेवलेली प्रत्येक मूर्ती ही, कुणाची इच्छा असो-नसो, तिथल्या हवेची नोंदवही असते. किनाऱ्यावरचं कांस्य हिरवं पडतं आणि कारखान्यांच्या शहरातलंही हिरवं पडतं, पण ती हिरवाई वेगवेगळी. समुद्राकाठी मिठातल्या क्लोराइडपासून अॅटाकामाइटसारखी संयुगं बनतात. कोळसा आणि फर्नेस ऑइल जळणाऱ्या शहरात सल्फर डायऑक्साइडपासून ब्रोकँटाइट नावाचं तांब्याचं सल्फेट बनतं. प्रयोगशाळेत ती पापुद्र्याएवढी पूड तपासली की मूर्तीनं कुठली हवा खाल्ली ते कळतं. संगमरवराचं तर विचारायलाच नको. तो कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे आम्लासमोर त्याचं काही चालत नाही. त्याच्या पृष्ठभागाचा जिप्सम होतो, त्यात काजळी अडकते आणि पांढऱ्या दगडावर काळी खपली धरते. ताजमहालाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 30 डिसेंबर 1996 रोजी आसपासच्या 292 उद्योगांना कोळसा सोडून गॅसकडे वळा, नाहीतर जागा बदला, असं सांगितलं, त्यामागं हीच चिंता होती. माणसांच्या छातीतल्या काजळीसाठी अशी तत्परता आपण क्वचितच पाहिली आहे, हे जाता जाता.

मग काही लोकांना सुचलं की हवेनं बिघडवण्यासाठीच एक शिल्प मुद्दाम उभं केलं तर?

महाराष्ट्रात हे सर्वांत ठळकपणे घडलं ते खारघरमध्ये. जानेवारी 2021 मध्ये वातावरण फाउंडेशन या संस्थेनं तिथं रस्त्याकडेला पांढरीशुभ्र, पुरुषभर उंचीहून मोठी फुप्फुसांची जोडी उभी केली. फुप्फुसं हेपा गाळणीच्या कापडाची होती, म्हणजे शस्त्रक्रियागृहात किंवा घरच्या एअर प्युरिफायरमध्ये असते त्याच जातीच्या गाळणीची. मागं पंखे बसवले होते. ते हवा आत ओढत, आणि शेजारच्या फलकावर हवेच्या गुणवत्तेचे आकडे दिसत. लोकांनी रोज जाता-येता पाहायचं, एवढीच योजना. दहा दिवसांत पांढरी जोडी काळपट झाली. याआधी 'झटका' या संस्थेच्या पुढाकारानं बेंगळुरूत आणि दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयासमोर अशी फुप्फुसं लागली होती. लखनौत तर 2019 च्या जानेवारीत एका दिवसातच पांढरा रंग गेला.

हेपा गाळणी चाळणीसारखी काम करत नाही, ही यातली गंमत. तिच्या धाग्यांमधली भोकं बऱ्याच कणांपेक्षा मोठी असतात. मोठे कण वेगात असल्यानं धाग्याला वळसा घालू शकत नाहीत आणि आदळून चिकटतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा हलतात आणि कुठल्या ना कुठल्या धाग्याला लागतात. पकडायला सर्वांत अवघड असतात ते मधले, साधारण 0.3 मायक्रॉनचे. तिथंही चांगली हेपा गाळणी 99.97 टक्के कण अडवते. आपल्या फुप्फुसात अडचण नेमकी उलटी आहे. नाकातले केस आणि घशातला चिकट स्राव मोठी धूळ अडवतात, पण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट वायुकोशांपर्यंत जातात, आणि त्यातले सर्वांत बारीक रक्तातही उतरतात. म्हणून 'पीएम 2.5' या आकड्याचा एवढा घोष. आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये आपली मर्यादा 15 वर आणली.

खारघरच का? शेजारी तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे. रसायनं, रंग, मासे प्रक्रिया, धातू, सगळं तिथं आहे. 2017 च्या ऑगस्टमध्ये याच तळोज्यात निळी कुत्री दिसली होती. रंगद्रव्याच्या कारखान्याच्या आवारात आणि कासाडी नदीकाठच्या सांडपाण्यात वावरणारी भटकी कुत्री अंगभर निळी होऊन रस्त्यावर फिरत होती. ती छायाचित्रं जगभर गेली आणि तो कारखाना बंद करण्याचा आदेश निघाला. कासाडीच्या पाण्याची तक्रार मच्छीमारांनी वर्षानुवर्षं केली होती, पण चर्चा झाली ती कुत्र्यांचा रंग दिसल्यावर. दिसल्याशिवाय हलायचं नाही, ही आपल्या यंत्रणेची जुनी खोड, आणि पांढऱ्या फुप्फुसांची सगळी मदार त्या खोडीवरच आहे.

या शिल्पाचं मला कौतुक आहे, तरी त्याची साक्ष कुठवर धरायची हे पाहायला हवं. एक तर गाळणी कण पकडते, वायू नाही. खारघरच्या रहिवाशांची मुख्य तक्रार रात्री आणि पहाटे येणाऱ्या उग्र वासाची होती. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि वरच्या उबदार थराखाली अडकते. किनाऱ्यालगत रात्री वाहणारा मतलई वारा दिवसाच्या खाऱ्या वाऱ्यापेक्षा मंद असतो, त्यामुळे सोडलेला वायू लांब जात नाही. सल्फर डायऑक्साइड, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड हे सगळे त्या गाळणीतून सुखरूप पार होतात. लोक ज्या गोष्टीनं हैराण झाले होते, तिचा एक डागही फुप्फुसांवर उमटत नाही. दुसरं म्हणजे काळा रंग कुणाचा, हे शिल्प सांगत नाही. तो चिमणीचा असेल, डंपरच्या डिझेलचा असेल, बांधकामाची आणि दगडखाणींची धूळही त्यात असेल. कारखानदाराचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार. त्याला उत्तर हवं असेल तर गाळणीचा तुकडा प्रयोगशाळेत जायला हवा. त्यात कार्बन किती, सल्फेट किती, कुठले धातू, हे पाहून उगम ओळखण्याची पद्धत आहे. शिल्प उतरवल्यावर त्याचं कापड कचऱ्यात जाऊ देणं म्हणजे पंचनामा करून पुरावा फेकून देण्यासारखं आहे.

वासाचा प्रश्न ब्रिटिश कलावंत मायकेल पिन्स्की यांनी वेगळ्या वाटेनं हाताळला. 2017 मध्ये नॉर्वेतल्या ट्रोंडहाइममध्ये त्यांनी पाच पारदर्शक घुमट एकमेकांना जोडून मांडले. पहिल्यात ताउत्रा या नॉर्वेजियन बेटावरची स्वच्छ हवा आणि पुढं लंडन, दिल्ली, साओ पावलो, बीजिंग या शहरांची, निरुपद्रवी द्रव्यांनी हुबेहूब तयार केलेली. माणूस एकातून दुसऱ्यात जातो आणि त्याचे डोळे चुरचुरायला लागतात. तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी येणाऱ्यांना प्रश्नावल्या दिल्या. बाहेर पडताना लोकांचा निर्धार वाढलेला आढळला. पण स्वतःच्या उत्सर्जनाचा हिशेब ठेवायची सोय पुढं करून दिली, तेव्हा ती फारशी कुणी वापरली नाही.

तिसरी जात हवा स्वच्छ करण्याचा दावा करणाऱ्या शिल्पांची. डच कलावंत दान रोसेगार्डे यांचा सात मीटर उंचीचा 'स्मॉग फ्री टॉवर' 2015 मध्ये रॉटरडॅममध्ये उभा राहिला आणि 2016 मध्ये बीजिंगला गेला. कणांना विद्युतभार देऊन तो त्यांना पट्ट्यांवर खेचतो आणि तासाला 30,000 घनमीटर हवा गाळतो. गोळा झालेली काजळी दाबून अंगठ्यांत बसवून विकली गेली. कल्पना देखणी आहे. पण आकडेमोड करून पाहा. एक चौरस किलोमीटर जागेवरची फक्त शंभर मीटर उंचीपर्यंतची हवा घेतली तरी ती दहा कोटी घनमीटर होते. तासाला तीस हजारांच्या गतीनं ती एकदा गाळायला जवळपास 139 दिवस लागतील. आणि सेकंदाला दोन मीटर, म्हणजे झाडाची पानं जेमतेम हलतील असा वारा असला, तर ती सगळी हवा आठ-नऊ मिनिटांत बदललेली असते. दिल्लीत कॅनॉट प्लेसला ऑगस्ट 2021 मध्ये वीस कोटींहून अधिक खर्चून उभारलेला 24 मीटरचा मनोरा कितीतरी ताकदवान, सेकंदाला हजार घनमीटरचा. त्यालाही वरचं काम करायला सुमारे 28 तास लागतील. दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीनं पुढं हरित न्यायाधिकरणाला सांगितलं की शंभर मीटरच्या आत प्रदूषण 17 टक्क्यांपर्यंत कमी होतं. मनोऱ्यामुळे नेत्यांना फीत कापायला मिळते आणि चिमणी तशीच राहते, म्हणून या जातीबद्दल माझं मत चांगलं नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला चंद्रपूरचे कलावंत प्रभाकर पाचपुते आहेत. जन्म 1986, गाव राजुरा तालुक्यातलं सास्ती. घरची माणसं पिढ्यान् पिढ्या कोळसा खाणीत. गावाची शेती उघड्या खाणीत गेली. खैरागड आणि बडोदा इथं त्यांनी शिल्पकलेचं शिक्षण घेतलं, पण हातात घेतला तो कोळसा. प्रदर्शनाच्या भिंतींवर ते कोळशानं माणसं काढतात. कुणाच्या डोक्याच्या जागी खाणीतला दिवा, कुणाच्या अंगाला अवजार जोडलेलं. जोडीला मांडलेली शिल्पं असतात. प्रदर्शन संपलं की बऱ्याचदा भिंत पुसली किंवा रंगवली जाते. मुंबईच्या क्लार्क हाउस या कलासंस्थेपासून सुरू झालेलं हे काम परदेशातल्या मोठ्या प्रदर्शनांत गेलं, आणि 2021 चं वेल्समधलं आर्टेस मुंडी पारितोषिक सहा कलावंतांना मिळून दिलं गेलं त्यात पाचपुते होते. चंद्रपूर हा विषय का होतो, हे एका आकड्यातून कळतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2009 मध्ये देशातल्या 88 औद्योगिक पट्ट्यांची पाहणी केली. तीत चंद्रपूर 83.88 गुणांसह चौथं होतं. इथले गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट. 2,920 मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र, खाणी, सिमेंट असं सगळं एका जिल्ह्यात. पाचपुते हवा मोजत नाहीत आणि साफही करत नाहीत. हवेत जाणारी वस्तू कुणाच्या अंगावरून गेली, ते सांगतात. यांत्रिक फुप्फुसं जिथं गप्प बसतात, म्हणजे 'कुणाचं?' या प्रश्नापाशी, तिथून त्यांचं काम सुरू होतं.

आता सिंधुदुर्गाकडे वळू. इथं तळोजा नाही, चंद्रपूर नाही. पण इथल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, आणि ती कोकणातल्या औद्योगिक वादाच्या मधोमध येऊन पडली आहेत. मालवण तालुक्यात हिवाळे गावातली कातळचित्रं अभ्यासक सतीश लळित यांनी 2001 मध्ये प्रकाशात आणली. त्याच तालुक्यातला कुडोपीचा सडा 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत रत्नागिरीतल्या स्थळांबरोबर आणि गोव्यातल्या पणसायमळबरोबर गेला. त्याच यादीत राजापूर तालुक्यातलं बारसूही आहे, जिथं दोन वाघांमध्ये उभा माणूस जांभ्यावर कोरलेला आहे. कोकणासाठी आखलेल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा आधीचा आराखडा नाणारचा होता. त्यात देवगड तालुक्यातली गिर्ये आणि रामेश्वर ही गावंही होती. मार्च 2019 मध्ये तो रद्द झाला, मग बारसूचं नाव पुढं आलं आणि एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षणावरून तिथं मोठं आंदोलन झालं. तेव्हा कातळशिल्पांचा मुद्दा वारंवार मांडला गेला.

मुद्दा रास्तच आहे, पण तो नीट मांडायला हवा. रिफायनरीच्या धुरानं शिल्पं विरघळतील हे म्हणणं टिकणारं नाही. जांभा हा मुख्यतः लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा दगड. हजारो पावसाळ्यांनी विरघळण्यासारखं सगळं आधीच वाहून नेल्यावर उरलेला. संगमरवरासारखा तो सौम्य आम्लाला शरण जात नाही. त्याचे शत्रू वेगळे: सपाटीकरण, रस्ता, पोकलेन आणि आपल्याच घरासाठी चिरे काढणारी चिरेखाण. शिल्पं वाचवायची तर या चारांवर बोलावं. धुरावर बोलायचं तर ते माणसांसाठी आणि आंब्यासाठी बोलावं. उत्तर भारतात वीटभट्ट्यांच्या शेजारच्या आंबाबागांत फळाचं टोक काळं पडण्याची विकृती अनेक दशकांपासून माहीत आहे. भट्टीच्या धुरातले सल्फर डायऑक्साइड, इथिलिनसारखे वायू त्यामागं आहेत आणि बोरॅक्सची फवारणी हा त्यावरचा नेहमीचा उतारा. देवगडच्या बागायतदाराला हे सांगायला कुठल्या कलादालनाची गरज नाही.

सिंधुदुर्गात फुप्फुसं उभारायची वेळ आलेली नाही, आणि म्हणूनच इथं एक काम आत्ता करता येण्यासारखं आहे. कुठल्याही मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात 'आधीची हवा' मोजावी लागते. 2006 च्या अधिसूचनेनुसार ती साधारण एका हंगामाची, पावसाळा वगळून, आणि मोजणाऱ्या सल्लागाराचे पैसे प्रकल्पवालाच देतो. गावाकडे स्वतःची नोंद नसेल तर तोच आकडा खरा धरला जातो. ती नोंद फार खर्चिक नाही. शाळेच्या गच्चीवर स्वस्तातलं कण मोजणारं यंत्र, त्याशेजारी महिनाभर उघडा ठेवलेला आणि मग पाकिटात तारखेनिशी जपलेला पांढरा गाळणीचा तुकडा, वजन करून वर्षभर टांगलेली पोलादी पट्टी. शिवाय देवराईतल्या ठरावीक झाडांच्या खोडांवरच्या दगडफुलाची दर वर्षी त्याच जागेवरून छायाचित्रं, कारण दगडफूल सल्फर डायऑक्साइडला सर्वांत आधी बळी पडतं. खाऱ्या हवेमुळे पट्टी इथं मुळातच जास्त झिजणार. तो आकडा आधी हातात असला तर उद्या चिमणीची भर किती, ते वजा करून काढता येईल. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातल्या महाविद्यालयांच्या विज्ञान शाखांनी आणि कलाशिक्षकांनी मिळून हे येत्या दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर सुरू करावं. ग्रामपंचायतीनं ठरावात नोंद घ्यावी, म्हणजे सुनावणीच्या दिवशी ती कागदावर असेल.